वाढणाऱ्यांची पंगत

श्रीरामपूर
९ सप्टेंबर २०२५

सत्यशीला,

फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. माझा नंबर दिसला की तू मोबाईल उपडा ठेवतेस, एवढं न कळण्याइतकी मी अजून म्हातारी झालेले नाही. पत्र मात्र तुझ्या हातात पडेल. मिरजगावचा पोस्टमन तुमच्या वस्तीपर्यंत येतो आणि चहा घेतल्याशिवाय जात नाही, असं तूच एकदा सांगितलं होतंस.

गोजरबाई गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू आश्रमातून निघून गेलीस. ना निरोप, ना रजेचा अर्ज. तुझ्या साड्या अजून खुंटीवर आहेत. मालनबाई तेव्हा कामावर येत होत्या, त्या म्हणाल्या की तू फाटकापर्यंत गेलीस, परत आलीस, गोजरबाईंच्या खोलीचं दार ओढून घेतलंस आणि मग गेलीस. अगं, असं करतात का? इतकी वर्षं म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढलंस, त्यांच्या शिव्या खाल्ल्यास, कधी कपाळाला आठी नाही. आणि जाताना आम्हाला तोंडसुद्धा दाखवलं नाहीस.

काल राहुरीला त्यांच्या दहाव्याला जाऊन आले. त्यांचा मुलगा श्रीमंत घाटावर भेटला. पहिला प्रश्न काय विचारला असेल? "आईला भरवायची ती ताई कुठंय?" तुझ्याबद्दल त्याच्या मनात काहीएक नाही, उलट तुला साडी द्यायची म्हणून त्याने बायकोकडून आणून ठेवली होती. तुझी आई आजारी आहे म्हणून घरी गेलीय, असं मी त्याला सांगितलं. निम्मं खरंच आहे ते. साडी माझ्याकडे आहे. हिरवी आहे, काठ बरे आहेत.

आता मुद्द्याचं. मालनबाईंपाशी तू काय बोललीस ते मला कळलंय. "आजीला म्याच मारलं" म्हणे. असलं काही पुन्हा तोंडातून काढायचं नाही. नगरच्या दवाखान्यात तपासणी झाली, फ्लू निघाला, तो छातीत उतरला, आणि त्या वयात छाती भरली की काय होतं हे तू माझ्याइतकंच पाहिलेलं आहेस. तो आला कुठून, हे देवालाच ठाऊक. पोळ्याच्या आठवड्यात किती जणांची माणसं भेटायला आली होती. नातवंडं आली, दूधवाला रोज येतो, केस कापायला न्हावी आला होता. तुझा घसा धरला होता म्हणून तू मनाला लावून घेतेस? पावसाळ्यात कुणाचा घसा धरत नाही? आणि लशीचं म्हणशील, तर गोजरबाईंनी जूनमध्ये लस घेतली होती. त्यांनी घेतली होती ना? मग तू घेतली नव्हतीस याचा इथे काही संबंध नाही.

तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही. सगळं आयुष्य नर्सिंगमध्ये घालवलेली बाई तुला हे लिहून देतेय.

दसऱ्याच्या आत ये. साड्यांना कुबट वास यायला लागलाय.

तुझी
शशिकला पारधे


श्रीरामपूर
७ ऑक्टोबर २०२५

सत्यशीला,

तुझ्या भावाचा, कल्याणचा, फोन आला होता. माझ्या पत्रावर माझा नंबर होता, तो बघून त्याने लावला. त्याच्यावर चिडू नकोस. बिचारा रस्त्यावर येऊन बोलत होता, मागून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

त्याने घरचं सगळं सांगितलं. तुझ्या आईला, झुंबरबाईंना, अर्धांग झाल्यापासून घास भरवावा लागतो, हे मला माहीत होतं. त्यांना तूच शिकवलं होतंस ना, जिभेच्या चांगल्या बाजूने घास कसा घ्यायचा ते? आणि आता तू घरी असून उंबऱ्याच्या बाहेर बसतेस. तोंडाला पदर बांधतेस. ताट आत सरकवतेस आणि वहिनी भरवते. आई हाक मारते तर म्हणतेस, "तिथूनच बोल."

कल्याण म्हणाला, "सिस्टर, दिवाळी झाली की आमी दोघं कोयत्यावर जानार. मुकादम काय आमच्यासाठी थांबायचा न्हाई. ही म्हातारीला हात लावंना. आमी गेल्यावर तिला जेवू कोन घालनार?"

सत्यशीला, ऊसतोडीला माणसं सहा महिने जातात. सहा महिने तू उंबऱ्यावर बसणार आहेस का?

पुन्हा सांगते, तुझ्यामुळे झालेलं नाही. मी डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, नक्की कुणाकडून गेला हे कुणीच सांगू शकत नाही. हे त्यांचे शब्द आहेत, माझे नाहीत.

इथलं काय सांगू. तू असतीस तर तुझ्याजवळ बोलले असते, आता कुणाजवळ बोलणार? गोजरबाईंनंतर आणखी दोघं आजारी पडले, सुदैवाने निभावले. संस्थेने ठरवलं की थंडीच्या आधी सगळ्या कामवाल्यांनी फ्लूची लस घ्यायचीच, आणि समजावून सांगायचं काम अर्थातच माझं. मी जेवणाच्या खोलीत सगळ्यांना बसवलं. म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्यांनी लस का घ्यायची, ते सांगायला सुरुवात केली. आपल्याला जाणवायच्या आधीच आपल्याकडून आजार त्यांच्याकडे जातो, वगैरे.

मालनबाई उभ्या राहिल्या. तुला ठाऊक आहे, त्या बोलायला उभ्या राहिल्या की मी आधीच घाबरते. म्हणाल्या, "सिस्टर, सत्यशीलाचा घसा धरलेला हुता, ती गोजराआजीला भरवत हुती, तरीबी तिच्यामुळं झालं न्हाई असं तुमीच सांगता. मंग आमच्यामुळं कसं हुईल?"

मी टेबलावरचा ग्लास उचलला आणि पाणी प्याले. दुसरं काय करणार होते? तुला धीर द्यायला जे बोलले ते आश्रमभर पसरलेलं होतं, आणि तेच घेऊन मालनबाई माझ्यापुढे उभ्या होत्या. काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. त्या दिवशी एकीनेही दंड पुढे केला नाही. नर्स लशींची पेटी घेऊन परत गेली.

तुला काय लिहावं ते आज मला सुचत नाहीये. खुंटीवरच्या तुझ्या साड्या धुऊन ठेवल्या आहेत.

शशिकला पारधे


श्रीरामपूर
१६ नोव्हेंबर २०२५

सत्यशीला,

आधीची दोन्ही पत्रं फाडून टाक. चुलीत घातलीस तरी चालेल.

आज रविवार. चर्चहून आले ती कपडेसुद्धा न बदलता लिहायला बसले, कारण बदलायला गेले तर आणखी काहीतरी काम निघेल आणि हे पुन्हा राहील. गेला महिनाभर तसंच चाललंय. कल्याण आणि वहिनी परवा टेम्पोत बसून गेले, हे त्याने मला कळवलंय. म्हणजे आता घरात तुम्ही दोघीच. शेजारची बाई येऊन झुंबरबाईंना एक वेळ भरवून जाते म्हणे. एक वेळ.

म्हणून खरं काय ते लिहिते.

जूनमध्ये आपल्याकडे लशी आल्या, त्याच्या आदल्या दिवशी मी तुम्हा सगळ्यांचा वर्ग घेतला होता. मला शिकवायला कागद दिलेला होता. त्यात पहिलंच कलम असं होतं की म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या प्रत्येकाने स्वतः लस घ्यावी. का, तेही लिहिलेलं होतं. म्हातारं शरीर लशीला पुरता प्रतिसाद देत नाही. तरण्या माणसात ती जितकी काम करते तितकी त्यांच्यात करत नाही. त्यांना दिलीच पाहिजे, पण तेवढ्यावर भागत नाही. त्यांच्या भोवती वावरणारी, त्यांना उठवणारी, पुसणारी, भरवणारी माणसं आजारापासून दूर राहिली तर ते वाचतात. हे सगळं त्या कागदावर होतं आणि मला ते पाठ होतं.

पण मी तो कागद बाजूला ठेवला. मला वाटलं, रूक्ष आहे, या बायका जांभया देतील. मला लोक हसलेले आवडतात, मान डोलावलेली आवडते, हे अख्ख्या श्रीरामपूरला ठाऊक आहे. सरकारी दवाखान्यात होते तेव्हाही माझ्या वर्गाला बाहेरच्या वॉर्डातल्या मुली येऊन बसायच्या. तर मी तुम्हाला विचारलं, "लग्नाच्या पंगतीत आधी कोण बसतं?" तुम्ही सगळ्या म्हणालात, वडीलधारी. मी म्हटलं, तसंच आहे लशीचं. आधी आपले आजी-आजोबा. मग तुम्ही हसलात, एकमेकींना कोपराने ढोसलंत, कुणीतरी "जिलबी कुठंय" म्हणालं. मला वाटलं, काय सुंदर वर्ग झाला.

पंगतीत वाढणारा कधी जेवतो, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. तुम्हाला तो सांगावा लागत नाही. तुम्ही जन्मभर वाढलंय. सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं घेऊन चुलीजवळ बसायचं, आणि नाही उरलं तर पाणी पिऊन उठायचं, यात तुम्हाला काही वेगळं वाटतच नाही.

दुसऱ्या दिवशी लशी मोजून आल्या होत्या. राहणाऱ्यांच्या आणि तुमच्या. नेमके त्याच सकाळी पुंजारामबाबा नव्याने दाखल झाले. त्यांची मोजदाद कुठे नव्हती. नर्स म्हणाली, यांची पुढच्या खेपेला देऊ. तुझा नंबर आला होता, तू बाही वर केलेली होतीस. तू बाही खाली ओढलीस आणि म्हणालीस, "माझी बाबांना द्या. आमी काय, मागनं घेऊ." ते बघून मालनबाई उठल्या, मग त्यांच्यामागची, मग सगळ्याच. शेजारच्या वस्तीवरची म्हातारी माणसं बोलावून आणलीत आणि आपापली लस त्यांना दिलीत. एकीने सासूला आणलं, एकीने चुलत सासऱ्याला.

त्या वेळी मी काय करायला हवं होतं ते तुला लिहिण्याची गरज नाही. मी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. तुला पुढे बोलावलं. तुझा फोटो काढला. माझे डोळे भरून आले होते, सत्यशीला, ते खोटं नव्हतं. पण ते डोळे भरून येणं तुझ्या काय कामाचं?

"मागनं घेऊ" म्हणालात. ते कधी झालंच नाही. मी पाठपुरावा केला नाही, पाऊस लागला, दुसरी कामं निघाली.

आणि पोळ्याच्या आधीचा तो दिवस. मी पहिल्या पत्रात लिहिलं की घसा कुणाचा धरत नाही. जसं काही तू मला ते सांगितलंच नव्हतंस. तू सकाळी माझ्यापाशी आली होतीस. म्हणालीस, "सिस्टर, घसा धरलाय, अंगबी कसंतरी करतंय. आज गोजराआजीला दुसरं कुनीतरी भरवा." हे तू म्हणालीस. तुला कळत होतं. माझ्या वर्गात न शिकवलेलं तुला आपलं आपण कळलं होतं. आणि मी म्हटलं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर आणि जा, तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं त्या खात नाहीत, उपाशी राहतील. खरंच होतं ते, दुसऱ्या कुणी घास पुढे केला की म्हातारी तोंड फिरवायची आणि वर "तुज्या हाताला चव न्हाई" म्हणून त्या बाईलाच रडवायची. म्हणून मी तुला पाठवलं. तू गेलीस, दूधभाकरी कुस्करलीस, तासभर त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन एकेक घास दिलास.

नक्की कोण, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत हे खरं आहे. पण मी डॉक्टरांच्या त्या वाक्यामागे लपले. तू विचारलं असतंस, सिस्टर, तुम्हाला काय वाटतं, तर मी काय म्हटलं असतं? मला वाटतं, तो आजार त्यांच्याकडे तुझ्याकडूनच गेला. बहुतेक करून तसंच झालं.

हे लिहिताना माझा हात थांबला नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. खूप वेळ थांबला.

पण सत्यशीला, आजार तुझ्याकडून गेला आणि चूक तुझी नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पहिली लपवली की दुसरी आपोआप खरी ठरेल असं मला वाटलं होतं. तसं होत नाही. तुला लस मिळायला हवी होती, ती मिळाली नाही, ते माझं काम होतं. तू घसा धरल्याचं सांगितलंस, तुला परत पाठवलं गेलं, तेही मीच केलं. तुझ्या वाट्याचं होतं तेवढं तू सगळं केलंस.

आता झुंबरबाईंचं. तू उंबऱ्याबाहेर बसतेस ते वेडेपणा नाही, हे मला उशिरा कळलं. तुला भीती वाटते ती खरी आहे. पण त्यावर उपाय आहे, आणि तो उंबरा नाही. कर्जतला जाऊन फ्लूची लस घे. पंधरा दिवस जाऊ देत, तेवढा वेळ तिला लागतो. हात धुऊन आत जा. ज्या दिवशी घसा खवखवेल त्या दिवशी शेजारणीला बोलाव, तोंड बांध, आणि त्याची लाज वाटून घेऊ नकोस. लस म्हणजे गंडादोरा नव्हे, ती घेऊनही कधी आजार येतो, पण पुष्कळ वेळा येत नाही किंवा सौम्य येतो. एवढं मी तुला जूनमध्ये सांगायला हवं होतं. नोव्हेंबरमध्ये सांगतेय.

येशील की नाही ते मी आता विचारत नाही. आईला भरव.

शशिकला


श्रीरामपूर
१९ जानेवारी २०२६

सत्यशीला,

संक्रांतीच्या आधी तुझा फोन आला तेव्हा मी तो उचलायलाच विसरले, नुसतं तुझं नाव बघत राहिले. मग उचलला. तू एवढंच म्हणालीस, "सिस्टर, एकदा येऊन जा." मी तिळाचे लाडू घेऊन दुसऱ्याच दिवशी एसटीत बसले.

आपण भेटलो त्यालाही आता आठवडा होत आला. काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, तू तिथेच होतीस. तरी लिहिते, कारण एसटीत परत येताना मी ते मनातल्या मनात पुन्हापुन्हा म्हणत होते आणि दर वेळी शेवट थोडा थोडा बदलत होते. कागदावर उतरलं की बदलता येणार नाही.

तू झुंबरबाईंना भरवत होतीस. पाठीला उशी लावून बसवलं होतंस, भाकरी वरणात कुस्करली होतीस, आणि त्या माझ्याकडे बघून एका बाजूने हसल्या. त्यांच्या गालावर मांस आलंय. मला वाटलं होतं, मी पोचल्यावर तू उठशील, निदान "या" म्हणशील. तू म्हणालीस, "बसा. आईचं होऊ द्या." मी खाटेच्या पायथ्याशी बसले. तू घाई केली नाहीस. मला ते आवडलं, आणि थोडं लागलंही.

मग तोंड पुसून, हात धुऊन तू माझ्यासमोर बसलीस. कर्जतला जाऊन लस घेतल्याचं सांगितलंस. शेजारणीलाही नेलंस, कारण तीही भरवते. मी म्हटलं, शाबास. तू हसली नाहीस. तू म्हणालीस, "सगळी मला न्हाई न्हाई म्हनत हुती. कल्याण म्हनायचा न्हाई, तुमी लिव्हायच्या न्हाई. मला तर ठावं हुतं. मंग मला वाटायचं, खरं लईच वंगाळ असनार, म्हनून कुनी तोंडातनं काढंना. तुमचं तिसरं पत्र आलं तवा लई रडले. पर मंग ते मला उचलता येईल येवढं झालं."

हे ऐकून मला बरं वाटलं. मनातल्या मनात मी माझ्या त्या पत्राची पाठसुद्धा थोपटून घेतली. माझा स्वभाव काही एवढ्यात सुधारणार नाही.

मी तुला आश्रमाचं सांगितलं. डिसेंबरमध्ये मी पुन्हा सगळ्यांना बसवलं, पंगतीची गोष्ट कशी चुकीची होती ते सांगितलं, तुझा घसा आणि माझ्या गुळण्या सांगितल्या. मालनबाई या वेळी उभ्या राहिल्या नाहीत, बसल्या जागेवरून पदर सारला आणि दंड पुढे केला. मग बाकीच्या. आता घसा धरला किंवा अंग कसकसलं तर त्या दिवशी घरी राहायचं, असा नियम केलाय आणि त्याबद्दल कुणाचा पगार कापायचा नाही हेही संस्थेकडून मान्य करून घेतलंय. हे सगळं मी तुला रंगवून सांगत होते. तू ऐकत होतीस. मग मी विचारलं, येतेस का परत? तू मान हलवलीस. "आईला सोडून न्हाई. आन सोडता आलं असतं तरी आले नसते."

का, ते मी विचारलं नाही. तू उठून चहा ठेवलास. कप माझ्या हातात दिलास आणि उभ्या उभ्याच विचारलंस, "सिस्टर, जूनमदी तुमी घेतली हुती का?"

तू रागाने विचारलं नाहीस. सहज, जेवलात का विचारावं तसं विचारलंस. मी म्हटलं, चहा छान झालाय, गवती चहा घातलास का? मग म्हटलं, एसटीची वेळ झाली. श्रीमंतने दिलेली ती हिरवी साडी तुझ्या आईच्या उशाशी ठेवली आणि निघाले. तू रस्त्यापर्यंत सोडायला आलीस, पण पुन्हा विचारलं नाहीस.

मालनबाईंनीही डिसेंबरमध्ये विचारलं होतं, "सिस्टर, तुमी घ्या की आधी." मी म्हटलं, माझी झालीय. सगळ्यांचं समाधान झालं. कधी झाली, हे कुणी विचारलं नाही. तू तेच विचारलंस.

हो. घेतली होती. जूनमध्ये नाही, मे महिन्यात. पुण्याला मुलाकडे गेले होते, सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही रोज आश्रमात म्हाताऱ्या माणसांत वावरता, तुम्हाला घ्यायलाच हवी. मला ते पटलेलंच होतं. मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले आणि दंड पुढे केला. माझ्याऐवजी ही एखाद्या म्हाताऱ्या माणसाला द्यावी, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. का यावं? ती मला का हवी आहे हे मला नीट ठाऊक होतं.

म्हणजे तू बाही खाली ओढलीस तेव्हा तू काय गमावते आहेस हे कळणारी आपल्या आश्रमातली मी एकटी होते. मी स्वतःला सांगत आले की तेव्हा लक्षात आलं नाही, गडबडीत राहून गेलं. राहून गेलं नव्हतं. एक क्षण मला वाटलं होतं, हिला थांबवावं, सांगावं की मी स्वतः घेऊन आलेय आणि तूही घे. पण ते सांगितलं असतं तर तुझ्या त्यागाची शोभा गेली असती, मालनबाईंनी माझ्याकडे बघितलं असतं, आणि त्या सकाळी सगळं इतकं छान चाललं होतं. मी गप्प राहिले.

हे तिसऱ्या पत्रात लिहिलं नाही. बाकीचं सगळं लिहून हे एवढं मागे ठेवलं. तू कागद वाचलास आणि मागे काय ठेवलंय त्याच्यावर बरोबर बोट ठेवलंस.

हे वाचून तुला माझं तोंड बघावंसं वाटणार नाही. पुढची पत्रं तू फोडणार नाहीस, असंही मला वाटतं, म्हणून जे सांगायचं ते इथेच सांगते. त्या सकाळी मी तुला हाताला धरून लस घ्यायच्या खुर्चीवर बसवलं असतं, तरी गोजरबाई कदाचित गेल्याच असत्या. त्यांचं वय झालं होतं, आजार दुसऱ्या कुणाकडूनही आला असता. पण तू त्यांच्याजवळ शेवटपर्यंत बसली असतीस, त्यांच्यासाठी मनसोक्त रडली असतीस, आणि दहाव्याला माझ्याबरोबर राहुरीला आली असतीस.

शशिकला